तोंड न पाहता केलेले दात

रत्नागिरीत एखादं म्हातारं माणूस तुमच्याकडे बघून तोंडभर हसलं, तर ते दात माझ्या हातचे असण्याची बरीच शक्यता आहे. ही बढाई नाही. म्हणजे थोडी आहे, पण तेहतीस वर्षं लोकांचे दात केल्यावर माणसाला एवढी बढाई मारू द्यावी.

पुष्कळांना वाटतं कवळी डॉक्टर करतात. डॉक्टर माप घेतात. त्या मापात प्लास्टर ओतलं की हिरड्यांचा पांढरा साचा निघतो आणि तो माझ्याकडे येतो. मी त्यावर मेण चढवतो, मेणात एकेक दात बसवतो. डॉक्टर ते मेणातले दात पेशंटच्या तोंडात लावून बघतात, त्याला ट्राय म्हणतात. सगळं जमलं की मेण जाऊन त्या जागी गुलाबी अ‍ॅक्रिलिक येतं आणि कवळी पक्की होते. एकदा पक्की झाली की दात इकडचा तिकडे करता येत नाही, मग नवीनच करावी लागते. पेशंटच्या तोंडात हात घालायची आम्हाला परवानगी नाही आणि ते बरोबरच आहे. आम्ही मागच्या खोलीतली माणसं.

या कामाला डेंटल मेकॅनिक म्हणतात. सासूबाईंनी लग्नात सगळ्यांना जावई मेकॅनिक आहेत एवढंच सांगितलं होतं. त्यामुळे पहिली दोन वर्षं सासुरवाडीला गेलो की कुणी ना कुणी बंद पडलेली स्कूटर ढकलत घेऊन यायचं.

हे आत्ता लिहायचं कारण म्हणजे परवा एक गृहस्थ आईची कवळी न्यायला माझ्या लॅबमध्ये आले होते. लोट्याला एमआयडीसीतल्या एका कंपनीत पाळीवर जातात, सुटीच्या दिवशी एसी दुरुस्तीची कामं करतात. बोलता बोलता म्हणाले, "काका, तुम्हीपण नोकरी सोडूनच हे सुरू केलंत ना? मलापण पूर्ण वेळ स्वतःचं काम करावंसं वाटतंय. पण आपली तयारी झाली आहे, हे कसं कळतं हो?" मी त्यांना चहा पाजला आणि म्हटलं, कळत नाही. ते हिरमुसले. बरोबर आहे, एवढ्या उत्तरासाठी कोण लोट्याहून येईल? म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मी चोविसाव्या वर्षी आमच्या डॉक्टरांकडे लागलो आणि सतरा वर्षं तिथेच होतो. खाली दवाखाना, वर त्यांचं घर, आणि दवाखान्याच्या मागे माझी खोली. खोलीला एक खिडकी होती, तिच्यातून विहीर दिसायची. अकरा वाजले की वरून काकूंची हाक यायची, "चहा ठेवलाय रे." काकू म्हणजे डॉक्टरांच्या मिसेस. मी वर जाऊन स्वयंपाकघराच्या पाटावर बसून चहा घ्यायचो आणि काकू गावातली बित्तंबातमी सांगायच्या. माझी आई मी शाळेत असतानाच गेली. ती जागा काकूंनी भरली असं म्हणणार नाही, पण त्या अकराच्या चहाला मी सतरा वर्षांत क्वचितच चुकलो.

डॉक्टरांची एक पद्धत होती. ट्रायच्या दिवशी ते मला बाहेर बोलवायचे. "दारात उभा राहा आणि बघ." पेशंटला सांगायचं, हसा, की पेशंट फोटो काढायला बसल्यासारखा होतो. त्या चेहऱ्यावर काही कळत नाही. म्हणून डॉक्टर विचारायचे, "आज बाजारात मासळी काय होती?" की लगेच माणूस सुटायचा. सरंगा कसला महाग झालाय, बांगडा कसा शिळा देतात, सगळं हातवारे करून. मासे न खाणारा असला तर विचारायचं, यंदा मोहोर कसा आहे. तेवढ्यात मी बघून घ्यायचो, ओठ कुठवर उचलतो, बोलताना खालचे दात दिसतात की वरचे, माणूस एका बाजूने हसतो का. मग आत जाऊन गरम सुरीने मेण मऊ करून दात हलवायचे. मी शिकलो ते हे. बाकी मेण-प्लास्टर कोणीही शिकवेल.

गिऱ्हाइकं एकेक नामी. मिरकरवाड्यातले एक जाळी विणणारे बाबा होते. कवळी लावून महिन्याभराने आले. "दात बरे हायत वो, पन सूत तुटत नाय." जन्मभर नायलॉनचं सूत पुढच्या दातांनी तोडलेलं. कवळीने तसं ओढलं की कवळीच सुताबरोबर बाहेर येते. मी म्हटलं, ब्लेड वापरा. म्हणाले, "ब्लेड धरू तर गाठ कोन धरील? तुमी येताव?" दोन दिवसांनी मी त्याच गुलाबी अ‍ॅक्रिलिकची एक अंगठी केली, तिच्यात ब्लेडचा तुकडा बसवला आणि त्यांना दिली. हिरडीच्या रंगाची अंगठी घालून बाबा जाळी विणायला लागले. पुढे त्यांच्या ओळीतल्या चारजणांनी तशी मागितली, आणि त्यांचे दात तर सगळे शाबूत होते.

लांज्याचे एक आजोबा फक्त गणपतीत कवळी लावायचे. मुंबईचे मुलगे आले की दात, मुलगे गेले की दात कपाटात. का, तर चांगली वस्तू रोज वापरून खराब कशाला करायची. वर्षभराने हिरड्या बदललेल्या असायच्या, मग कवळी टोचायची, आणि दर गणपतीत ते डॉक्टरांकडे कुरकुरत यायचे. डॉक्टर त्यांना रोज लावा म्हणून विनवायचे. ते हो म्हणायचे आणि पुढच्या गणपतीत परत यायचे.

तर असं माझं बरं चाललं होतं. मग लांज्याला एक तरुण डॉक्टर आले, पालीला एक बाई डॉक्टर आल्या. त्यांना लॅब जवळ हवी होती. आमच्या डॉक्टरांना विचारून मी संध्याकाळी सहानंतर त्यांचं काम घ्यायला लागलो. साचे डब्यात घालून एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचे, तिकडे फोन करायचा, त्यांचा माणूस स्टँडवर उभा राहायचा. एकदा पालीचा माणूस उभा राहिलाच नाही आणि एका बाईंचा जबडा थेट कोल्हापूर बघून आला. मी स्वतः तेव्हा कोल्हापूर बघितलं नव्हतं.

दोन वर्षं असं दोन दगडांवर पाय ठेवून काढली. मग लांज्याचे डॉक्टर म्हणायला लागले, "तुम्ही पूर्ण वेळ करा, माझं सगळं काम तुम्हाला." मला रात्रंदिवस तेच दिसायला लागलं. स्वतःची लॅब, दारावर पाटी. मी कॅलेंडरच्या पानामागे यादी केली. पॉलिशची मोटर, गॅस, पाण्याची सोय, उत्तरेचा उजेड, जागा. एकेकावर बरोबरच्या खुणा झाल्या. बायको मंगल बालवाडीत शिकवायची. तिने यादी वाचली आणि म्हणाली, "सामानाची तयारी झाली हो. तुमची?" मी म्हटलं, सतरा वर्षं काय गोट्या खेळलो? मला राग आला होता, कारण मलाही आतून भीती वाटत होती.

तिने लॅबसाठी घराची पडवी रंगवायला काढली, तेव्हा मी डॉक्टरांना सांगितलं. ते बराच वेळ हात धूत राहिले. मग म्हणाले, "तुझा हात चांगला आहे, त्याबद्दल मला शंका नाही. पण इथे तुला माणूस दिसतो. उद्या डबा येणार, त्यात माणूस नसणार. तसं एक काम करून दाखव. मी एक माप देतो. नाव विचारायचं नाही. जमलं तर आनंदाने जा. नाही जमलं तर वर्षभर थांब."

मला ती अट अपमानासारखी वाटली, पण कबूल केली.

दुसऱ्या दिवशी साचे टेबलावर होते. वरचा-खालचा, दोन्ही. बाईचा नाजूक जबडा. चिठ्ठीवर एवढंच, स्त्री, वय बासष्ट. मी चार दिवस त्यावर जीव ओतला. माझ्याकडचे सगळ्यात उत्तम दात काढले, रंग उजळ घेतला, ओळ अशी सरळ लावली की पट्टी ठेवून बघावी. डॉक्टर थक्क झाले पाहिजेत, एवढंच डोक्यात होतं. त्यांनी मेणातले दात नेले आणि मला या वेळी बाहेर बोलावलं नाही. अर्ध्या तासाने परत आणून टेबलावर ठेवले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "पेशंट म्हणतो, छान आहेत. पक्की कर." मी विचारलं, "म्हणजे मी जाऊ?" ते म्हणाले, "जा." मी दिवाळीनंतर लगेच लॅब सुरू केली.

आता माझी चूक सांगतो. त्या वर्षी काकू मुलीच्या बाळंतपणासाठी पाच महिने पुण्याला होत्या. त्यांचे दात आधीपासून हलत होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तसं, दातांच्या डॉक्टरची बायको, पण नवऱ्यापुढे खुर्चीत बसायला लाजायची. त्यांनी पुण्यालाच सगळे दात काढून घेतले. परत आल्या त्या वरच राहिल्या, खाली उतरल्याच नाहीत. माझा चहा कामवाल्या बाईंच्या हातून मागच्या खोलीत यायला लागला. सतरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. आणि मी एकदाही विचारलं नाही की काकूंना बरं नाही का. मी मोटर कुठल्या कंपनीची घ्यावी या विचारात तो चहा पीत होतो. आजही हे आठवलं की मला माझीच लाज वाटते.

संक्रांतीला मी आणि मंगल तिळगूळ द्यायला डॉक्टरांकडे वर गेलो. काकूंनी दार उघडलं, "ये रे, ये," म्हणाल्या आणि हसल्या.

शिंप्याला गर्दीत आपली शिलाई ओळखू येते तसं झालं. ती माझी ओळ होती, मी लावलेली, पट्टीसारखी सरळ. दात मी क्षणात ओळखले आणि काकूंना ओळखायला मला वेळ लागला. काकूंच्या पुढच्या दोन दातांत फट होती. डावीकडचा सुळा शेजारच्या दातावर जरा चढलेला होता. एका दाताचा कोपरा सुपारी फोडून उडालेला होता. हे मला कोणी सांगायला नको होतं, पाटावर बसून मी रोज ते बघत होतो. आणि समोर एक भलत्याच बाई उभ्या होत्या, काकूंचं लुगडं नेसलेल्या.

काकूंनी आम्हाला तिळगूळ दिला, स्वतः घेतला तो नुसता हातात धरून बसल्या. तीळ कवळीखाली गेला की जीव जातो, मला माहीत होतं. मी विचारलं, "काकू, हे दात माझेच ना?"

"मग कोणाचे? छान आहेत की. सगळे म्हणतात दहा वर्षांनी तरुण दिसते."

"ट्रायला तुम्ही काहीच बोलला नाहीत?"

त्यांनी मंगलकडे बघितलं. "अरे, तुझं सगळं ठरलं होतं. ही बिचारी पडवी रंगवत होती. माझ्या तोंडापायी तुझं वर्ष कशाला अडवायचं? दात काय, सवयीचे होतात."

डॉक्टर पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, "मी नापास म्हणत होतो. हिने मला बोलू दिलं नाही."

मी म्हटलं, "पण नाव विचारायचं नाही असं तुम्हीच सांगितलंत."

"नाव नको म्हटलं. माणूस कसा आहे हे विचारू नको असं म्हटलं होतं का? दात पूर्वी कसे होते, काय खातो, कसा हसतो? शिंच्या, एक प्रश्न नाही केलास. मी चार दिवस वाट बघत होतो." त्यांचा आवाज चढला नव्हता, पण मला ऐकवेना.

घरी आल्यावर मी मंगलला म्हटलं, मी नापास झालोय, पाटी काढतो आणि परत नोकरीवर जातो. अजून काही बिघडलेलं नाही, डॉक्टर घेतील. ती तांदूळ निवडत होती. "जायचं तर जा," म्हणाली, "पण भीतीपोटी चाललायत की काकूंपोटी, ते ठरवा. काकूंपोटी असेल तर तिथे जाऊन त्यांचं काय भलं होणार? आधी त्यांचे दात करा."

मी दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. म्हटलं, नवीन संच करतो, तो जमला नाही तर मागची खोली मला परत द्या. ते म्हणाले, "खोली तशीच आहे." मग मी काकूंना फोटो मागितले. काकूंनी अल्बम काढला तर एकाही फोटोत दात नाहीत. लग्नातसुद्धा ओठ मिटलेले. फटीची लाज वाटायची म्हणून. मी जन्मात कोणाला विचारले नसतील तेवढे प्रश्न त्या दिवशी काकूंना विचारले. सुपारी कुठल्या बाजूला धरायचात, फुंकर कशी घालता, रागावलात की ओठ कुठे दाबता. काकू मला हसायला लागल्या. "अरे, सोयरिकीलासुद्धा एवढं विचारलं नव्हतं." फट किती होती हे त्यांनाच सांगता येईना. आरशात कोण मोजून बघतं?

डॉक्टर दारातून म्हणाले, "पोस्टकार्ड जाईल एवढी. वर थोडी कमी, खाली जास्त." आणि आत निघून गेले.

ते दात मी आठ दिवस करत होतो. ट्राय नको, एकदमच बघीन, असं काकू म्हणाल्या होत्या. रंग चहाचा, पिवळसर घेतला. सुळा शेजारच्यावर चढवला, तो मेणात तीनदा उतरवून पुन्हा चढवला. सगळ्यात अवघड गेलं ते एका नव्या कोऱ्या दाताचा कोपरा मुद्दाम घासून उडवणं. सतरा वर्षं मी दात सारखे करायला शिकलो होतो आणि आता हात तसं करायला तयार होईना.

त्या दिवसापासून माझ्या लॅबचा एक नियम झाला. डब्याबरोबर माणसाची माहिती आल्याशिवाय मी कामाला हात लावत नाही. जुना फोटो असेल तर फोटो, नसेल तर घरातल्या कोणाशी तरी फोनवर बोलणं. हल्ली मोबाइलवर पेशंटचा बोलतानाचा व्हिडिओ येतो, ते उत्तम झालं. तेव्हा मात्र डॉक्टर लोक वैतागायचे. "हा दात करतो की जनगणना?" लांज्याचे डॉक्टर, ज्यांच्या भरवशावर मी नोकरी सोडली होती, त्यांनी वर्षभरातच कंटाळून काम दुसरीकडे द्यायला सुरुवात केली. ते दिवस वाईट गेले. त्यांच्याशी गोडीने बोलून निभावता आलं असतं, पण मी ताठ राहिलो, याचं मला थोडं वाईट वाटतं. पालीच्या बाईंनी मात्र सोबत सोडली नाही, आणि हळूहळू राजापूर, संगमेश्वर इथूनही डबे यायला लागले. लोट्याच्या त्या गृहस्थांना एवढंच सांगेन, की माझी तयारी नव्हती तेव्हाच मी निघालो, आणि मला ते दुसऱ्याच्या तोंडात दिसलं.

आता काकूंचे दात लावले त्या दुपारचं सांगायचं राहिलं.

दवाखाना बंद केल्यावर काकू खाली आल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या खुर्चीत बसल्या असतील, पदर घट्ट धरून. डॉक्टरांनी एखाद्या परक्या पेशंटला बसवावं तसं बसवलं, जुनी कवळी काढली, नवी लावली. खुणा उठवणारा निळा कागद मध्ये ठेवून चावायला लावलं, एका ठिकाणी जरा घासलं, परत चावायला लावलं. एक शब्द जास्तीचा नाही. मी नेहमीसारखा दारात उभा होतो. डॉक्टर बेसिनपाशी हात धुवायला वळले. काकूंनी हातातला आरसा वर केला, बघितलं, जिभेने फट चाचपली आणि त्यांना हसू फुटलं. त्या हसण्याचा आवाज ऐकून डॉक्टर ओल्या हातांनी तसेच मागे वळले. नळ चालूच राहिला. बायकोच्या तोंडाकडे ते इतका वेळ बघत राहिले की काकूंनी लाजून पदर वर नेला, मग आपणच तो खाली सोडला.

"आलीस होय गं?" डॉक्टर म्हणाले.

"आले," काकू म्हणाल्या. "नळ बंद करा आणि वर चला, पानं घेते. तूपण थांब रे जेवायला."